मस्तकोपचार : एक आस्वाद आणि एक आक्षेप

१

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला डोळे असतात, कान असतात, जीभ तर असतेच असते. परंतु त्याला त्वचाही असते, असे आपल्या मराठी प्रवासवर्णनांवरून क्वचितच वाटते. राजवाडे, पुतळे, वस्तुसंग्रहालये, आगगाड्यांचा वक्तशीरपणा आणि परक्या ताटातील न ओळखू येणारे पदार्थ यांची वर्णने आपल्याकडे उदंड झाली. पण परक्या देशात परक्या माणसाने आपल्या अंगाला हात लावला आणि त्या हाताने त्या देशाविषयी आपल्याला काही सांगितले, असा अनुभव मराठी लेखकाने संकोचाने बहुधा टाळलेलाच आहे.

हा संकोच अलीकडे सुटू लागला आहे, हे एका परीने बरेच झाले. सेऊलला जाऊन आलेली मंडळी हल्ली राजवाड्यांइतक्याच, किंबहुना काकणभर अधिक उत्साहाने, तेथील ‘हेड स्पा’ची, म्हणजे डोक्याच्या त्वचेवर होणाऱ्या उपचाराची हकीकत लिहितात आणि सांगतात. अशा हकीकती आम्ही बऱ्याच वाचल्या आणि ऐकल्या. पुढे शिलकीतील रजा, गाठीचा पैसा आणि खात्याची परवानगी हे तिन्ही योग एकदम जुळून आल्यावर तो उपचार स्वतः घेऊनही पाहिला. प्रस्तुत लेखात त्या उपचाराचे आणि त्याविषयीच्या लेखनाचे असे दुहेरी परीक्षण करावयाचे आम्ही योजिले आहे. दोहोंत एकच उणीव आहे असे आमचे मत झाले आहे, आणि ती उणीव क्षुल्लक नाही. दोहोंत हात आहे. हाताचा धनी मात्र कोठेच दिसत नाही.

२

कोरियन भाषेत या प्रकाराला ‘दुपी क्वाल्ली’ म्हणतात. ‘दुपी’ म्हणजे डोक्याची कातडी. ‘क्वाल्ली’ म्हणजे देखभाल, व्यवस्था. इमारतीची किंवा एखाद्या संस्थेची व्यवस्था पाहणे यालाही हाच शब्द चालतो. मूळची चिनी अक्षरे निराळी असली तरी उच्चाराने अगदी असाच असलेला दुसरा एक शब्द ‘सरकारी अधिकारी’ या अर्थाचा आहे. आमच्या बहुतेक वाचकांना या योगायोगाची मौज वाटेल. ती वाटून झाल्यावर आम्ही एवढेच सुचवू की या उपचाराचा आरंभीचा ताल खरोखरच कचेरीचा आहे.

आम्ही गेलो ती जागा सेऊलच्या गांगनाम भागातील एका इमारतीत चौथ्या मजल्यावर होती. जोडे काढल्यावर सपाता मिळाल्या. भाजलेल्या जवाचे गरम पाणी पुढे आले. आणि त्यापाठोपाठ प्रश्नावली आली. झोप किती, चिंता किती, डोके आठवड्यातून किती वेळा धुता, वडिलांना टक्कल होते काय, असे तिचे रकाने. ज्यांचे आयुष्य रकाने भरण्यात आणि इतरांनी भरलेले रकाने तपासण्यात जाते त्यांना येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. मग लेखणीएवढ्या एका कॅमेऱ्याचे तोंड डोक्यावर निरनिराळ्या जागी टेकविण्यात आले, आणि समोरच्या पडद्यावर आमचीच त्वचा कित्येक पटींनी मोठी होऊन उमटली. केसांच्या मुळाशी तेलाचे थेंब, मधूनमधून पापुद्रे, एके ठिकाणी तांबूस चट्टा. शेजारी एक निरोगी त्वचेचे चित्र तुलनेसाठी तयारच होते.

त्यानंतरचा दीड तास असा गेला : मृत त्वचा सैल करणारा लेप, वाफ, दोन वेळा धुणे, मान आणि खांदे यांचे मर्दन, थंडगार द्रव्याची एक कुपी, तांबडा दिवा, वाळविणे, आणि शेवटी पुन्हा तोच कॅमेरा. जाहिरातीत या उपचाराच्या पंधरा पायऱ्या सांगितल्या होत्या. आम्ही सात मोजल्या; पुढे मोजण्याची इच्छा उरली नाही. मूल्य सुमारे दीड लक्ष वन, म्हणजे आपले नऊ-दहा हजार रुपये. आमच्या श्रेणीच्या माणसाने हा आकडा घरी सांगताना थोडे थांबावे हे उत्तम.

आता गुणांविषयी. हा उपचार एक रचना आहे, आणि रचना म्हणून ती उत्तम साधलेली आहे. तिच्यात घाई कोठेही नाही, आणि रेंगाळणेही नाही. वाफेच्या ऊबेनंतर पाणी येते ते किंचित कमी ऊन. त्या फरकानेच त्वचा जागी होते. बोटांचा दाब आधी कपाळाच्या कडेला, मग कानांच्या मागे, मग मान जेथे कवटीला मिळते त्या खळग्यात. यामागे शरीराची खरी जाण आहे. कपाळाचा स्नायू आणि डोक्याच्या मागल्या बाजूचा स्नायू यांना जोडणारा एक चिवट पातळ पडदा कवटीवर ताणलेला असतो; दिवसभर कागदावर मान वाकवून बसणाऱ्याच्या मानेतील ताण वर कपाळापर्यंत जाणवतो. त्या पडद्याला नेमका कोठे हात लावला असता तो ताण सुटतो हे त्या बोटांना ठाऊक होते. भाषा जवळजवळ नव्हतीच. पाणी फार ऊन तर नाही, एवढेच एका इंग्रजी शब्दात विचारले गेले. त्या दीड तासात आमच्याकडून कोणी काही मागितले नाही आणि आम्हांला काही उत्तर द्यावे लागले नाही.

यात आणखीही एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या वाचकांना निराळी सांगावयास नको. बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला शब्द पुष्कळ मिळतात, स्पर्श थोडे मिळतात. कचेरीत नमस्कार असतो, शेजारी हस्तांदोलन असते, मंडळाच्या गणेशोत्सवात आपल्या भाषेतील गप्पाही असतात. पण वडीलधाऱ्या माणसाने डोक्यावरून हात फिरवावा, हे गावी जाणे होईल तेव्हाच, वर्षातून एखाद्या वेळी. महिन्याकाठी आपले डोके ज्याच्या हाती आपण देतो त्या केशकर्तनकाराशी आपली भाषाही जुळत नाही. अशा माणसाला दीड तास कोणी जपून हात लावला की त्याचा कंठ दाटून येणे शक्य आहे. या उपचाराच्या लोकप्रियतेत या एकटेपणाचा वाटा मोठा असावा, आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही.

परंतु येथेच लेखकांची अडचण सुरू होते. हकीकती लिहिणारे या स्थळी येऊन पोहोचतात आणि ‘स्वर्गसुख’, ‘ढगांवर तरंगणे’, ‘अवर्णनीय’ असे शब्द टाकून पुढे निघून जातात. वर्णन करावयास बसलेल्याने ‘अवर्णनीय’ म्हणणे म्हणजे अभिलेखपालाने ‘कागद सापडत नाही’ असा शेरा मारण्यासारखे आहे. कागद असतो, शोधलेला नसतो.

३

आमचा पहिला आक्षेप त्या पडद्याविषयी आहे.

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लक्ष केस असतात. त्यांतील पन्नास ते शंभर केस दररोज गळणे हा निरोगी क्रम आहे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, थांबतो, गळतो, आणि त्याच मुळातून पुन्हा नवा उगवतो. त्वचेतील ग्रंथी तेल सोडीतच असतात, आणि त्या तेलावर जगणारी एक सूक्ष्म बुरशी प्रत्येकाच्या डोक्यावर वस्तीला असते. काहींच्या त्वचेला तिचा त्रास होतो, तेव्हा कोंडा दिसतो. अर्थात कोणाचेही न धुतलेले डोके कित्येक पटींनी मोठे करून पाहिले तर तेथे तेल आणि पापुद्रे दिसणारच. ते रोगाचे लक्षण असलेच पाहिजे असे नाही. ते बव्हंशी जिवंतपणाचे लक्षण असते.

उपचारानंतर दुसरे छायाचित्र घेतले जाते, आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखविली जातात. फरक डोळ्यांत भरतो. परंतु हा फरक आंघोळीपूर्वीचा आणि आंघोळीनंतरचा आहे. त्वचा स्वच्छ झाली हे खरे. केसांचे भवितव्य बदलले असे त्यावरून निघत नाही. पुरुषांचे नेहमीचे टक्कल हे आनुवंशिक घडण आणि शरीरातील एक संप्रेरक यांच्या संगनमताने पडते. त्या कामी मिनॉक्सिडिल, फिनास्टराइड अशी थोडी औषधे वैद्यकाने पारखून घेतलेली आहेत. वाफ आणि कुपी यांची गणना त्यांत होत नाही. तरीही दुसऱ्या चित्रानंतर दरपत्रक पुढे येते. दहा वेळांचे शुल्क एकदम भरल्यास सवलत, घरी वापरावयाचे द्रव्य निराळे. प्रवासी परवा परत जाणार आहे हे ठाऊक असूनही ते पुढे येते. टिपणाचा निष्कर्ष आधी ठरलेला असावा आणि चौकशी नंतर व्हावी, हा प्रकार आमच्या वाचकांनी अन्यत्र पाहिलेला असेल.

भय उत्पन्न करावे आणि मग त्याचे शमन करावे, ही नाट्याची फार जुनी रीत आहे, आणि तिला आमची हरकत नाही. पण नाटकगृहात प्रेक्षकाला ते नाटक असल्याचे माहीत असते. येथे पाहुण्याला आधी रोगी करण्यात येते आणि मग त्याला पाहुण्यासारखे वागविण्यात येते. आणि पहिली गोष्ट दुसरीच्या मूल्यात धरलेली असते. कलाकृती म्हणून विचार करता हा पूर्वार्ध उत्तरार्धाला बाधक आहे. आम्हांला लाभलेला निवांतपणा त्या पडद्यामुळे वाढला नाही. वाफ सुरू झाल्यावर पहिला पाव तास तो तांबूस चट्टा डोळ्यांपुढून हलला नाही.

हे भय कोरियात का खपते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. नोकरीच्या अर्जावर छायाचित्र लावण्याची प्रथा त्या देशात दीर्घकाळ रूढ आहे. मस्तक हा तेथे अर्जाचाच एक भाग होय. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ली जे-म्यंग यांनी केस गळण्यावरील उपचारांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विम्यातून देण्याचे आश्वासन दिले होते. ती निवडणूक ते हरले, २०२५ ची जिंकले. परंतु ज्या देशात टकलाचा प्रश्न निवडणुकीच्या सभेत येतो तेथे त्या कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याची धास्ती पोकळ नसते. आमच्या लेखकांनी याची वाच्यता केलेली आमच्या वाचनात नाही. त्यांनी दरपत्रकाची भाषा तशीच उचलली, आणि ‘माझी त्वचा किती बिघडली होती हे तेव्हा कळले’ अशा आशयाची वाक्ये आपल्या नावावर छापली. लेखकाने विक्रेत्याचे वाक्य स्वतःचा अनुभव म्हणून लिहिणे, हा आम्ही शैलीचा दोष समजत नाही. तो साक्षीचा दोष आहे.

४

दुसरा आक्षेप विस्मरणाविषयी आहे. या हकीकतींत दोन समजुती आलटून पालटून येतात : एक, की ही कोरियाची ‘प्राचीन परंपरा’ आहे, दुसरी, की हा ‘आधुनिक कोरियाचा चमत्कार’ आहे. कॅमेरा, दिवा आणि कुपी यांचा हा मेळ अलीकडचा आहे, हे उघड आहे. परंतु त्या देशात मस्तकाला इतिहास आहे, आणि तो या दोन्ही समजुतींहून फार भारी आहे.

पाचव्या चांद्रमासाच्या पाचव्या दिवशी कोरियात ‘दानो’ नावाचा सण येतो. त्या दिवशी स्त्रियांनी ‘छांगपो’ उकळलेल्या पाण्याने केस धुण्याची जुनी रीत आहे. ही छांगपो म्हणजे आपले वेखंड. बाळंतिणीच्या खोलीतील जो वास आपल्याला लहानपणापासून परिचित आहे, तोच तिकडे सणाच्या न्हाण्याचा वास होय. चित्रकार शिन युन-बोक याने दानोच्या दिवसाचे एक प्रसिद्ध चित्र काढले आहे. ते सेऊलच्या कान्सोंग संग्रहालयाच्या मालकीचे आहे. ओढ्याकाठी अंग धुणाऱ्या स्त्रिया, झोका, खडकाआडून डोकावणारे दोन तरुण भिक्षू. आणि या आनंदाच्या एका कडेने डोक्यावर बोचके घेऊन येणारी एक कष्टकरी बाई. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला तिला चित्रात घ्यावेसे वाटले. आम्ही ज्या हकीकतींचे परीक्षण करीत आहो त्यांत ती बोचकेवाली बाई नाही.

याच देशात विवाहित पुरुष डोक्यावर केसांची गाठ बांधीत असे. देह आणि केस हे आईबापांकडून मिळालेले असल्याने त्यांना इजा न करणे हे पितृभक्तीचे पहिले कर्तव्य, अशी कन्फ्यूशियस मताची शिकवण होती. १८९५ च्या डिसेंबरअखेर जपानच्या दडपणाखालील मंत्रिमंडळाने केस कापण्याचा हुकूम काढला. राजा गोजोंग याचे केस कापले गेले. युवराजाचे केस कापले ते यू गिल-जुन या मंत्र्याने. नगराच्या वेशीवर आणि रस्त्यांत कात्री घेतलेले शिपाई उभे राहिले. डोके तुटले तरी चालेल, पण केस कापू देणार नाही, अशी भूमिका चोए इक-ह्यॉन या विद्वानाने घेतली. राणीची हत्या त्याच वर्षी ऑक्टोबरात झालेली होती. तिच्या दुःखात हा अपमान मिसळला आणि जागोजागी लोक शस्त्र घेऊन उठले. १८९६ च्या फेब्रुवारीत राजाने रशियन वकिलातीत आश्रय घेतला, मंत्रिमंडळ कोसळले, आणि हुकूम मागे पडला.

या प्रकरणात आमच्या विषयाच्या दृष्टीने एक विलक्षण गोष्ट आहे. युवराजाचे केस कापणारा हा यू गिल-जुन प्रवासवर्णनकार होता. जपान आणि अमेरिका येथे तो शिकला होता, आणि पश्चिमेच्या प्रवासात पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींवरचा त्याचा ग्रंथ त्याच १८९५ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्यांचे देश डोळसपणे पाहून आलेल्या माणसाने घरी येऊन आपल्या लोकांच्या डोक्यांना कात्री लावावी, आणि त्या डोक्यांच्या आत काय आहे हे त्याला दिसू नये! केवळ पाहिल्याने माणूस शहाणा होतो असे मानणाऱ्या सर्व प्रवासी लेखकांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तिसरा अध्याय आपल्याच काळाला लागून आहे. १९६० नंतरच्या दशकात दक्षिण कोरियाच्या निर्यातीत केसांचे टोप हा एक प्रमुख जिन्नस होता. गरीब स्त्रियांचे केस विकत घेत फेरीवाले गावोगाव हिंडत, आणि त्या केसांचे टोप शहरांतील कारखान्यांत मुली विणीत. १९६६ साली स्थापन झालेल्या वायएच नावाच्या अशाच एका कंपनीने १९७९ मध्ये कारखाना बंद करण्याचे ठरविले, तेव्हा शंभराहून अधिक कामगार मुलींनी सेऊलमधील विरोधी पक्षाच्या कचेरीत ठाण मांडले. ११ ऑगस्टच्या पहाटे पोलीस आत घुसले. त्या धुमश्चक्रीत किम क्योंग-सुक ही तरुण कामगार मरण पावली. त्यातून पेटलेल्या असंतोषाच्या मालिकेतच ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाकडून हत्या झाली, आणि अठरा वर्षांची एक राजवट संपली. केसांत काम करणारे हात थांबले तर काय होते, याचा याहून ठळक दाखला आम्हांला ठाऊक नाही.

५

कोरियाकडे बोट दाखवून येथे थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. जगभर चालणारा ‘शांपू’ हा शब्द आपल्याकडचा आहे. ‘चाँपना’ म्हणजे दाबणे, चेपणे, या हिंदी धातूपासून तो इंग्रजीत गेला. आणि दाबण्या-चेपण्याला औषधाचा पोशाख चढविण्याचे कामही एका हिंदी माणसाने आधीच करून ठेवले आहे. शेख दीन महंमद याचा जन्म १७५९ चा, पाटण्याचा. कंपनीच्या सैन्याबरोबर हिंडून १७८४ मध्ये तो आयर्लंडला गेला, आणि १७९४ साली कॉर्क येथे त्याने आपले प्रवासवृत्त इंग्रजीत छापले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. पुढे ब्रायटनला त्याने वाफेची स्नानगृहे काढली, चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांचा तो अधिकृत ‘शांपूकार’ झाला, आणि आपल्या उपचाराने कोणकोणते रोग बरे झाले याच्या प्रशस्तिपत्रांसह त्याने १८२२ मध्ये दुसरे पुस्तक लिहिले. ब्रायटनची प्रशस्तिपत्रे आणि गांगनामचा पडदा यांत तत्त्वतः फरक नाही. परक्या गावी नुसत्या सुखाला गिऱ्हाईक मिळत नाही. सुखाला रोगाचा दाखला जोडावा लागतो. तथापि दीन महंमदाची गोष्ट दुसऱ्या एका कारणाने आम्हांला महत्त्वाची वाटते. ज्या हाताने त्याने साहेबांचे अंग चेपले, त्याच हाताने त्याने साहेबांच्या भाषेत प्रवास लिहिला. चेपणाऱ्यालाही डोळे असतात, आणि तोही आपल्याकडे पाहून काही लिहू शकतो, हे त्याने सिद्ध करून ठेविले आहे.

आता आपल्या घराकडे. या हकीकतींच्या अखेरीस बहुधा एक परिच्छेद ठरलेला असतो : आजीच्या हातचे तेल, दिवाळीचे अभ्यंग, शिकेकाई, आणि ‘आमच्याकडे हे सारे पूर्वीपासून होतेच’ असा निर्वाळा. त्या तेलाची गोडी आम्हांलाही आहे. पण या परिच्छेदात जितका जिव्हाळा आहे तितकाच आंधळेपणाही आहे. आजीच्या त्या हाताला दुपारी विसावा होता काय, आणि तिच्या डोक्यावर कोणी तेल घालीत होते काय, हे कोणी विचारीत नाही. आणि ज्या घरात नातवंडांना अभ्यंग होत असे त्याच घरात विधवेचे केशवपनही होत असे. तेही मस्तकावरचेच हात होते. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने असे केशवपन करण्यास नकार दिला. शिकल्यासवरल्या मंडळींचा वाद वर्तमानपत्रांतून चालू असता, ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. पाच वर्षांनंतर सेऊलच्या वेशीवर कात्री उगारलेली होती, आणि एकोणनव्वद वर्षांनंतर त्याच शहरात टोप विणणाऱ्या मुलींनी आपली बोटे थांबविली. मस्तकाचा इतिहास हा पुष्कळसा या हातांचा इतिहास आहे : कोणाचे हात कोणाच्या हुकमाने चालले, आणि ते कधी थांबले.

६

आता त्या खोलीतील दुसऱ्या माणसाविषयी. सेवा करणाऱ्या बाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. त्यांच्या उजव्या मनगटावर लवचिक पट्टा आवळलेला होता. भिंतीवर लहानसे घड्याळ होते, आणि दर टप्प्याच्या शेवटी त्या त्याकडे एकदा पाहत. आम्ही आडवे होतो. त्या दीड तास उभ्या होत्या. छातीवर इंग्रजी अक्षरांत एक लहान नाव लावलेले होते, पण ते त्यांचे खरे नाव की परदेशी पाहुण्यांच्या सोयीसाठी घेतलेले, हे सांगता येण्याजोगे नव्हते. याहून अधिक आम्हांला ठाऊक नाही, आणि अधिक ठाऊक असल्याचा आव आम्ही आणीत नाही. परंतु एवढे तरी कोणत्याही डोळस प्रवाशाला दिसावयास हवे, आणि एवढे तरी लिहावयास हवे.

या स्पर्शाला कायद्याचीही एक चौकट आहे, आणि सरकारी नोकरांच्या मासिकात तिचा उल्लेख अस्थानी ठरणार नाही. दक्षिण कोरियात मर्दनाचा परवाना केवळ दृष्टिहीन व्यक्तींना मिळतो. जपानी अमदानीत सुरू झालेल्या या पद्धतीमागे अंध व्यक्तींना उपजीविकेचे एक साधन राखून ठेवण्याचा विचार आहे. २००६ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने हे बंधन व्यवसायस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरविले. अंध मर्दनकारांनी त्यावर तीव्र आंदोलन केले, संसदेने त्याच वर्षी कायद्यातच ती तरतूद घातली, आणि २००८ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. डोक्याच्या त्वचेची निगा मात्र केशप्रसाधनाच्या व्यवसायात मोडते. तेव्हा ज्या दाबाने आमची मान सैल झाली, त्या दाबाला नाव कोणते द्यावयाचे, यावर कोणा तरी अंध माणसाच्या पोटाचा प्रश्न अवलंबून आहे. उपचारगृहातील पत्रकावर ‘मर्दन’ या अर्थाचा शब्द न येता ‘निगा’ हाच शब्द पुनःपुन्हा का येतो, याचा उलगडा आम्हांला या वादाची माहिती झाल्यावरच झाला. एका शब्दामागे दोन निवाडे, एक कायदा आणि हजारोंची भाकरी उभी आहे. प्रवासवर्णनाला याहून सकस खाद्य दुसरे कोणते हवे?

एवढ्यावरून आम्ही या उपचाराच्या विरुद्ध आहो असा ग्रह कोणी करून घेऊ नये. मोबदला देऊन घेतलेला स्पर्श खोटा असतो, हे मत आम्हांला मान्य नाही. वैद्याची नाडीपरीक्षा आणि सुईणीचा हात हीदेखील मोबदल्याचीच कामे होत, आणि त्यांतील कौशल्य मोबदल्याने उणे होत नाही. उलट, उत्तम कामाला योग्य दाम मिळावे यात दोघांचीही प्रतिष्ठा आहे. त्या बाईंच्या बोटांत जे ज्ञान होते ते अभ्यासाने आलेले होते, आणि त्याबद्दल आम्हांला आदर वाटला. सेऊलला जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांनी, खिशाला झेपत असल्यास, हा अनुभव अवश्य घ्यावा. पडद्यावरील चित्राकडे कुतूहलाने पाहावे, त्याला निदान समजू नये. केसांविषयी खरी चिंता असेल तर ती परत आल्यावर वैद्याकडे न्यावी. आणि दहा वेळांची सवलत नम्रपणे नाकारावी.

लेखकांकडे आमची मागणी याहून कडक आहे. देहाचा संकोच त्यांनी टाकला, याबद्दल त्यांचे अभिनंदन. परंतु संकोच टाकून जे उघडे झाले ते केवळ स्वतःचे सुख असेल, तर जुना संकोच काय वाईट होता? राजवाड्याचे वर्णन करताना तो कोणी बांधला हे आपण विचारतो; सुखाचे वर्णन करताना ते कोणी दिले हे विचारण्यास कोणती हरकत आहे? ज्याला परक्या देशात कोणी डोक्यावर हात ठेवून गेले, त्याने त्या हाताचे दुखरे मनगट पाहावे, त्या देशातील त्या हाताची कुळकथा शोधावी, आणि मगच ‘अवर्णनीय’ हा शब्द लिहावा. तोवर त्याची गरजच उरणार नाही, असा आमचा अदमास आहे.